उडुपी ते कन्याकुमारी: घरचे सहा जण सोबत असताना कुठे आणि काय खावे-प्यावे?

माहुलीकाठ (प्रश्न)

नमस्कार. येत्या फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही घरचे सहा जण रेल्वेने किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत जाणार आहोत. २६ फेब्रुवारी २०२६ ला उडुपीत उतरू आणि तिथे दोन रात्री राहू. त्यानंतर दोन दिवस मंगळूर, २ आणि ३ मार्चला कोळिकोड, ४ ते ७ मार्च कोची व आलप्पुळा, आणि शेवटचे दोन दिवस कन्याकुमारी असा बेत आहे. राहण्याची सोय झाली आहे. काळजी आहे ती जेवणाची.

सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही चालत नाही, आणि एकादशी त्या काटेकोर पाळतात. सासरे ७४ वर्षांचे आहेत. त्यांना तिखट सोसत नाही आणि गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. मुलगा सात वर्षांचा आहे. यजमान आणि धाकटे दीर मात्र मासळीसाठीच या प्रवासाला निघाले आहेत असे म्हटले तरी चालेल. सहाही जणांनी रोज एकाच टेबलावर जेवावे असा माझा हट्ट नाही, पण कोणी उपाशी राहू नये एवढे मात्र मला मनापासून वाटते.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, चार वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरच्या एका गावात आम्ही दुपारी साडेतीनला पोहोचलो, ओळीने चार हॉटेलांत विचारले आणि चारही ठिकाणी ‘मील्स संपले’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी मुलाने बिस्किटे खाल्ली आणि सासऱ्यांनी नुसता चहा घेतला. प्यायच्या पाण्याबद्दलही सांगावे, कारण सहा जणांसाठी रोज बाटल्या विकत घेणे खर्चिक होते आणि कचराही फार होतो.

नेत्रावतीकाठ

ताई, मी मूळची सांगलीची, पण लग्नानंतर मंगळुरातच स्थायिक झाले आहे. त्यामुळे उडुपी आणि मंगळूर एवढ्यापुरतेच लिहिते.

चार वर्षांपूर्वी तुमचे जे झाले त्याचे मूळ वेळेत आहे. या संपूर्ण किनाऱ्यावर ‘मील्स’ हा शब्द फक्त दुपारच्या भातजेवणासाठी आहे. ते साधारण बाराला सुरू होते आणि अडीच-तीनला भात संपला की बंद होते. सकाळी अकरापर्यंत आणि संध्याकाळी चारनंतर ‘टिफिन’ मिळतो, म्हणजे इडली, दोसा, वडा, उपमा वगैरे. मधल्या तास-दीड तासात चूल जवळजवळ थंड असते. त्यामुळे गाडीच्या वेळा पाहताना ती दुपारी एकच्या आधी पोहोचते की नाही, एवढे आवर्जून पाहा.

उडुपीत सासूबाईंची काळजी अजिबात करू नका, मात्र एका दिवसाची करा. श्रीकृष्ण मठात दुपारी सर्वांना प्रसादाचे जेवण मिळते. मध्वाचार्यांच्या परंपरेतील आठ मठ दर दोन वर्षांनी आळीपाळीने पूजेची आणि या अन्नदानाची जबाबदारी घेतात. त्याला पर्याय म्हणतात. भात, सारू, सांबार, पायस आणि ताक असा साधा बेत असतो. ‘सारू’ म्हणजे आपल्या साराचाच भाऊ, त्यामुळे सासऱ्यांनाही तो मानवेल. पण २७ फेब्रुवारीला एकादशी आहे. मध्व परंपरेत त्या दिवशी अन्न वर्ज्य असल्याने मठात जेवण होत नाही. म्हणून मठातील जेवण २६ लाच घ्यावे.

एकादशीला इथे साबुदाण्याची खिचडी सहजी मिळेल असे समजू नका. इकडे बरेच लोक उपवासाला पोहे खातात, जे आपल्याकडे चालत नाहीत. साबुदाणा आणि दाण्याचे कूट घरून न्यावे, खोलीवर विजेची शेगडी मिळते का ते विचारावे, आणि नाहीच जमले तर रथबीदीवर, म्हणजे मठाभोवतीच्या रस्त्यावर, केळी, दूध आणि शहाळे यांवर दिवस निघतो. शहाळ्याला कानडीत ‘एळनीर’ म्हणतात.

मठाजवळचे ‘मित्र समाज’ हे जुने शाकाहारी हॉटेल चुकवू नका. तिथे गोळीबजे मागवा. मैदा आणि दही यांच्या आंबवलेल्या पिठाची ही गोल भजी बाहेरून तांबूस आणि आतून जाळीदार असतात. मुलगा ती चटणीशिवायही खाईल. ‘बन्स’ नावाच्या पदार्थाला पाव समजू नका. पिकलेले केळे मैद्यात मळून केलेली ती किंचित गोड पुरी असते, आणि तळणीतून येताच फोडली तर आतून केळ्याचा वास येतो. या दिवसांत कुठे ‘मट्टु गुळ्ळ’ असे लिहिलेले दिसले तर जरूर मागावे. उडुपीजवळच्या मट्टू गावातल्या हिरव्या गोल वांग्यांचे ते सांबार असते. त्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

मासळी खाणाऱ्यांसाठी मंगळुरात हॉटेलावर ‘लंच होम’ असे लिहिलेले असते. बंदर भागातील ‘नारायण’ हे त्यांतले सर्वांना ठाऊक असलेले नाव. तिथे जेवण साधे असते आणि मसाला लावलेली कच्ची मासळी ताटात मांडून तुमच्यासमोर आणतात. बोट दाखवायचे आणि ती तव्यावर जाते. बोट दाखवण्याआधी त्या तुकड्याचा दर विचारून घ्यावा, कारण दर आकारावर ठरतो. इथल्या तुळू भाषेतली नावे पाठ करून या: काणे म्हणजे आपली मुडदुशी, बंगुडे म्हणजे बांगडा, अंजल म्हणजे सुरमई, बूताई म्हणजे तारली आणि मरवाई म्हणजे तिसऱ्या. काणे रवा लावून तळलेली खावी. काटा मधोमध एकच असल्याने मुलालाही देता येते.

कोरी रोट्टी हा पदार्थ पहिल्यांदा खाणाऱ्याची नेहमी फसगत होते. तांदळाची कागदासारखी कुरकुरीत रोट्टी ताटात मोडून ठेवतात आणि तिच्यावर कोंबडीचा नारळाच्या रसातला तांबडा रस्सा ओततात. सगळा रस्सा एकदम ओतून घेतला तर पाच मिनिटांत त्याचा लगदा होतो. म्हणून रस्सा वेगळ्या वाटीत मागवावा आणि घासाघासाला घ्यावा. सासऱ्यांसाठी त्याऐवजी नीर दोसा योग्य आहे. तो आपल्या घावनासारखाच असतो, पण अधिक पातळ आणि मऊ. यजमानांना तूप घालून केलेले चिकन घी रोस्ट खायचे असेल तर ते मूळच्या ठिकाणी, म्हणजे उडुपीच्या उत्तरेस असलेल्या कुंदापूरच्या ‘शेट्टी लंच होम’मध्ये खावे. उडुपीहून सकाळी निघून दुपारपर्यंत परत येता येते.

मंगळुरात संध्याकाळी ‘आयडियल’चे आइस्क्रीम घ्या. १९७५ पासून ते तिथे आहे. ‘गडबड’ नावाचा उंच पेला दोघांत एक पुरतो.

सुलेमानी

मी नोकरीनिमित्त सहा वर्षे कोळिकोडला होतो. वरील उत्तरात वेळेबद्दल जे लिहिले आहे ते केरळलाही तंतोतंत लागू आहे, पण तुमच्या तारखांमुळे त्यात एक मोठा फरक पडतो. तुम्ही २ मार्चला कोळिकोडला पोहोचाल तेव्हा रमजान चालू असेल. मलबारमध्ये मुस्लिम मालकांची बरीच हॉटेले त्या महिन्यात दिवसभर बंद असतात आणि सूर्यास्तानंतर उघडतात. दुपारी बिर्याणी खायची असा बेत ठरवून आलात तर निराश व्हाल. उलट संध्याकाळी बाहेर पडलात तर वर्षभरात दिसत नाही असे शहर दिसेल. इफ्तारच्या सुमारास मांडण्यांवर जे पदार्थ येतात ते पाहायला तरी मुलाला घेऊन जावे. उन्नक्काया म्हणजे उकडलेल्या नेंद्र केळ्याच्या पारीत नारळ, साखर आणि काजू भरून तळलेला, सावरीच्या बोंडाच्या आकाराचा पदार्थ. कुठे कुठे सारणात अंडे घालतात, तेव्हा सासूबाईंसाठी विचारून घ्यावे. अरिकडुक्का मात्र दिरांसाठी आहे. शिनाण्यांच्या शिंपल्यांत तांदळाचे वाटण भरून ते वाफवतात आणि मग मसाला लावून तळतात.

कोळिकोडची बिर्याणी लांब दाण्याच्या बासमतीची नसते. कैमा किंवा जीरकशाला हा आखूड, बारीक आणि सुवासिक तांदूळ तिला लागतो. भात व मसाला वेगवेगळे शिजवून नंतर थर लावून दम देतात, त्यामुळे तिखटपणा तळाशी राहतो. सासऱ्यांना वरचा भात आणि खजुराचे गोड लोणचे दिले तर त्यांनाही ती सोसेल. ‘पॅरागॉन’ हे १९३९ पासूनचे हॉटेल बहुतेकांना ठाऊक असते आणि तिथे रांग असते. माझे मत विचाराल तर तिथे बिर्याणीपेक्षा अप्पम आणि मासळीचा रस्सा मागवावा. मिठाई तेरुवू, म्हणजे हलव्याच्या दुकानांचा जुना रस्ता, पायी फिरण्यासारखा आहे. तिथला हलवा खोबरेल तेलातला असतो. आपल्याकडच्या जिभेला तो पहिल्या घासाला परका वाटतो, म्हणून आधी चव घेऊन मगच अर्धा किलो बांधून घ्यावा.

मंगळूरहून येताना गाडी तलश्शेरीला थांबते. १८८३ मध्ये माम्बळ्ळी बापू यांनी तिथे भारतातला पहिला नाताळचा केक भाजला असे मानले जाते, आणि बेकरीचा तो वारसा मलबारभर आजही टिकून आहे. दुपारच्या त्या अडचणीच्या वेळेत केरळमध्ये बेकरी हाच आधार असतो. बेकरीत चहा, केळ्याची भजी आणि ताजी सरबते मिळतात. मात्र ‘वेज पफ’ मागताना सासूबाईंसाठी अंड्याची चौकशी करावी.

आता शाकाहाराबद्दल एक गोष्ट, जी मला पहिल्या महिन्यातच शिकावी लागली. केरळच्या साध्या हॉटेलांत ‘ऊण’, म्हणजे दुपारचे जेवण, मागितले की भात, सांबार, तोरन या भाज्या आणि पापड यांच्याबरोबर पुष्कळ ठिकाणी मासळीचा नुसता रस्सा न मागता, वेगळे पैसे न घेता वाढतात. वाढणाऱ्याच्या दृष्टीने ते आदरातिथ्य असते. सासूबाईंसमोर पान मांडले की लगेच ‘मीन चार वेंडा’ म्हणजे ‘मासळीचा रस्सा नको’ असे सांगावे. त्याहून बरे म्हणजे ज्या पाटीवर ‘वेजिटेरियन’ किंवा ‘सस्याहारम’ लिहिले आहे तिथेच त्यांना न्यावे. केरळमध्ये गोमांसही उघडपणे विकले आणि शिजवले जाते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पाटी वाचून बसावे.

माहुलीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. रमजानची आणि एकादशीची तारीख माझ्या ध्यानातच आली नव्हती. सासूबाईंना मठातील जेवणाचे वाचून दाखवले, त्या फार समाधानी झाल्या. आता आलप्पुळ्याच्या हाऊसबोटीत शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत करून देतात का? आणि दिरांना एकदा ताडी चाखून पाहायची आहे. तशा ठिकाणी कुटुंबाने जाणे योग्य असते का?

खाडीपलीकडे

हाऊसबोटीवर आचारी असतो आणि जेवण बहुधा भाड्यातच धरलेले असते. आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे की एक व्यक्ती पूर्ण शाकाहारी आहे, तिच्यासाठी तवा आणि कढई वेगळी हवी, आणि तिचा स्वयंपाक मासळी तळण्याच्या आधी व्हावा. बोटीवरचा ओटा लहान असतो. आयत्या वेळी सांगितले तर त्याच तेलात पापड तळला जाण्याची शक्यता असते, आणि त्यात आचाऱ्याचा दोष नसतो.

बोटीवर जी मासळी देतात ती बहुतेक वेळा करीमीन असते, जिला २०१० मध्ये केरळची राज्य मासळी म्हणून घोषित केले. आपल्या खाड्यांतला काळुंदर तो हाच. मसाला लावून, केळीच्या पानात गुंडाळून भाजलेले ‘करीमीन पोळ्ळिच्चदु’ पानासकट ताटात येते. पान उघडताच वाफेबरोबर कढीपत्ता आणि छोट्या कांद्यांचा वास येतो. काटे पुष्कळ असतात, मुलाला भरवताना सावध असावे. मीन करीत आंबटपणासाठी कुडमपुळी घालतात. ती आपल्या कोकमाच्याच कुळातली आहे, पण धुरावर वाळवलेली असल्याने तिची चव अधिक गडद असते. कोकणातल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. सोबत उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, देतात. आपला साबुदाणा याच कंदापासून करतात, तेव्हा पुन्हा कधी उपवासाच्या दिवशी केरळात असाल तर नुसता मीठ लावून उकडलेला कप्पा सासूबाईंना विचारून पाहायला हरकत नाही.

फोर्ट कोचीच्या चिनी जाळ्यांजवळ मासळी विकत घेऊन शेजारच्या हॉटेलात शिजवून घेण्याची पद्धत आहे. मी स्वतः तिथे वजन न पाहता कोळंबी घेतली आणि शिजवणावळीचे पैसे मासळीपेक्षा जास्त झाले. वजन, मासळीचा दर आणि शिजवण्याचा दर या तिन्ही गोष्टी आधी ठरवूनच घ्यावे. विक्रेत्याकडची सगळी मासळी समोरच्या जाळ्यातलीच असते असेही नाही. कल्ला उचलून आतला रंग लाल आहे का ते आपण मुंबई-रत्नागिरीत पाहतो तसेच तिथेही पाहावे. तुमच्या तारखा त्या दृष्टीने चांगल्या आहेत. ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत केरळात ट्रॉलिंगला, म्हणजे यांत्रिक बोटींनी जाळे ओढत केलेल्या मासेमारीला, बंदी असते आणि तेव्हा ताज्या समुद्री मासळीची निवड कमी होते.

ताडीचे म्हणाल तर केरळात ‘कळ्ळु शाप’ ही परवानाधारक दुकाने असतात, आणि कोची-आलप्पुळा भागातल्या अनेक दुकानांनी कुटुंबांसाठी वेगळ्या खोल्या केल्या आहेत. लोक तिथे खरे तर जेवणासाठीच येतात. ताडी सकाळी गोड असते आणि दिवस चढेल तशी आंबत जाऊन चढणारी होते, म्हणून चवीपुरती घ्यायची असेल तर अकरा-बाराच्या सुमारास जावे. तिथला स्वयंपाक फार तिखट असतो. सासऱ्यांना नेऊ नका. केरळात मद्यपानासाठी वयाची अट २३ वर्षे आहे, हे दिरांनी लक्षात ठेवावे. तमिळनाडूत शिरल्यावर ताडीचा विचारही करू नये, कारण १९८७ पासून तिथे तिच्यावर बंदी आहे.

कावेरीची_लेक

पाण्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. केरळच्या हॉटेलांत टेबलावर कोमट, फिकट गुलाबी पाणी ठेवलेले दिसेल. माझ्या आईने पहिल्यांदा ते पाहून पेला धुतलेला नाही असे समजून परत पाठवले होते. तो रंग पदिमुगम या लाकडाच्या कपच्यांचा असतो, ज्याला आपण पतंगाचे लाकूड म्हणतो. त्या कपच्या घालून पाणी उकळतात. कुठे सुंठ किंवा जिरे घातलेले असते. हे उकळलेले पाणी फुकट मिळते आणि मी तिथे बाटलीपेक्षा तेच पसंत करते. प्रत्येकाने एक स्टीलची बाटली न्यावी, जेवण झाल्यावर ‘चूडु वेळ्ळम’ म्हणजे गरम पाणी मागावे आणि भरून घ्यावे. एक मात्र पाहावे: काही ठिकाणी पाणी लवकर गार व्हावे म्हणून उकळलेल्यात साधे पाणी मिसळतात, तेव्हा वाफ येणारेच पाणी घ्यावे. उघड्यावर बर्फ घातलेली सरबते मुलाला देऊ नयेत. त्याऐवजी संभारम, म्हणजे आले-मिरची घातलेले पातळ ताक, चांगले, फक्त मिरची कमी घालायला सांगावी.

केरळचा लाल, जाड उकडा भात सासऱ्यांना जड वाटेल. ‘पच्चरी’ मागितली तर बऱ्याच ठिकाणी पांढरा भात मिळतो.

कोचीहून कन्याकुमारीला जाताना तिरुवनंतपुरमला गाडी बदलणार असाल तर स्थानकाजवळच तंपानूरला ‘इंडियन कॉफी हाऊस’ आहे. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी बांधलेली ती विटांची गोल इमारत आतून नागमोडी चढत जाते. जिना नाही, चढण आहे आणि भिंतीला लागूनच बाके आहेत, त्यामुळे सासऱ्यांना खालच्या पहिल्या टेबलावर बसवता येईल. ही कॉफी हाउसे कामगारांच्या सहकारी संस्था चालवतात, कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये केरळातले पहिले त्रिशूरला सुरू झाले. डोक्याला तुऱ्याचा फेटा बांधलेले वाढपी मुलाला नक्की आवडतील. मसाला दोशात बीट असते, म्हणून सारण लाल दिसले तर घाबरू नये. तिथे मांसाहारही शिजतो, ही गोष्ट सासूबाईंना आधी सांगावी.

कन्याकुमारीत त्यांची सर्वांत चांगली सोय होईल. तमिळमध्ये शाकाहारी म्हणजे ‘सैवम’, आणि अशी हॉटेले देवळाच्या परिसरात पुष्कळ आहेत. विवेकानंद केंद्राच्या विवेकानंदपुरम परिसरात साधे शाकाहारी उपाहारगृह आहे. एकनाथजी रानडे यांनी १९७० मध्ये शिलास्मारक पूर्ण केले आणि १९७२ मध्ये केंद्र सुरू केले, तेव्हा मराठी माणसाला तिथे वेगळाच आपलेपणा वाटतो. जेवण केळीच्या पानावर असेल तर पाण्याचा हात फिरवून पान स्वतः पुसून घ्यावे, आणि जेवण झाल्यावर पान आपल्याकडे दुमडावे. कॉफी दबऱ्यासह, म्हणजे पेल्याखालच्या खोलगट वाटीसह, येते. ती दबऱ्यात ओतून निववता येते, सासऱ्यांना तेवढी गरम पिववणार नाही.

माहुलीकाठ

सर्वांना नमस्कार. सगळे उतरवून घेतले आहे. मठात २६ तारखेला दुपारी जाऊ, एकादशीसाठी साबुदाणा आणि कूट आत्ताच वेगळ्या डब्यात भरून ठेवते, कोळिकोडला दुपारी शाकाहारी हॉटेल पाहू आणि संध्याकाळी बाहेर पडू. हाऊसबोटवाल्यांना आज सकाळी वेगळ्या कढईबद्दल लिहिले होते. त्यांचे उत्तर आले की होईल, फक्त किती माणसांसाठी ते कळवा. एकीसाठी, असे कळवले आहे.